लेकराचा मुक्काम

मुंबईच्या कोटात, अपोलो स्ट्रीटवरील ज्या जुन्या इमारतीत त्या काळी सुप्रीम कोर्ट भरत असे तेथे, १८४३ साली एका दक्षिणी ब्राह्मण गृहस्थाने आपला सुमारे बारा वर्षांचा मुलगा आपल्या स्वाधीन करावा म्हणून दाद मागितली. मुलाचे नाव श्रीपत शेषाद्री. त्याचा थोरला भाऊ नारायण त्याच वर्षी ख्रिस्ती झाला होता, आणि हा धाकटा भावाच्या पाठोपाठ स्कॉटिश मिशनचे पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला जाऊन राहिला होता. बापाच्या अर्जावरून हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मजकूर इसमाला न्यायासनापुढे हजर करा असे फर्मावणारा, हुकूम सुटला. नेस्बिटसाहेबांनी मुलाला कोर्टात आणले. मुलाची इच्छा मिशनमध्येच राहण्याची होती. परंतु एवढ्या वयाच्या मुलाला आपले हिताहित ठरविण्याची बुद्धी आली आहे असे मानता येत नाही आणि कायद्याने त्याचा ताबा बापाकडेच असला पाहिजे, असा निर्णय देऊन न्यायाधीशांनी त्याला बापाच्या हवाली केले. सर अर्स्किन पेरी यांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या निकालसंग्रहात हा खटला नमूद आहे.

याच्या चारच वर्षे आधी, १८३९ साली, त्याच कोर्टाने नेमका उलटा परिणाम घडविणारा निकाल दिला होता. गिरगावातील आंब्रोली येथे डॉ. जॉन विल्सन यांची जी शाळा होती, आणि जिच्या परंपरेतून पुढे विल्सन हायस्कूल व चौपाटीवरचे विल्सन कॉलेज निघाले, तेथील धनजीभाई नवरोजी हा पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याच्या नातलगांनीही हेबियस कॉर्पसचाच मार्ग धरला होता. परंतु धनजीभाई वयाने मोठा, समज आलेला. त्याने जिकडे जावेसे वाटेल तिकडे जावे असे कोर्टाने ठरविले. तो विल्सनसाहेबांकडे गेला, आणि पुढे त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जाऊन पाद्री होऊन परतला. दोन्ही निकालांच्या मुळाशी इंग्लंडातून आलेला एकच नियम होता. समजेचे वय, जे मुलग्यांच्या बाबतीत चौदा धरले जाई, ते ओलांडलेल्याची मर्जी विचारावी आणि न ओलांडलेल्याला बापाकडे द्यावे.

श्रीपतच्या खटल्याचा पुढचा भाग कायद्याच्या पुस्तकात नाही, मराठी समाजाच्या इतिहासात आहे, आणि मला तो निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोर्टाने मुलाला घरी धाडले खरे. पण मिशनमध्ये राहून आलेल्या त्या मुलाला पंक्तीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणसमाजात तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष उचलला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. बापाच्या दारापर्यंत मुलाला पोहोचविण्याचे सामर्थ्य बेलिफाच्या अंगी होते; त्या दाराच्या आत त्याच्यासाठी पाट मांडला जाईल की नाही हे ठरविण्याचे सामर्थ्य तीन न्यायाधीशांच्याही अंगी नसते. मुले एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याच्या आजच्या दाव्यांचे निकाल वाचताना या बारा वर्षांच्या मुलाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बापाचा हक्क निरपवाद मानणाऱ्या या नियमालाही इंग्लंडात एक तडा आधीच गेला होता, आणि तो परदेशगमनाच्याच प्रश्नावर गेला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८०४ साली द मॅनव्हिल नावाच्या फ्रेंच गृहस्थाची इंग्रज पत्नी आपल्या अंगावर पिणाऱ्या मुलीसाठी कोर्टात गेली. मुलगी बापाने आईच्या कुशीतून उचलून नेली होती, तरी ताबा बापाचाच असे न्यायाधीशांनी ठरविले. मात्र चॅन्सरी कोर्टात लॉर्ड एल्डन यांनी त्याच बापाला त्या मुलीला राज्याच्या सीमेबाहेर नेण्याची मनाई केली. ताबा कोणाचा हा एक प्रश्न आणि मुलाला सरहद्दीपार नेता येईल काय हा दुसरा, असा भेद तेथे प्रथम स्पष्ट झाला, आणि तो भेद पुढे हिंदुस्थानातील कायद्यात उतरला.

आपल्याकडे तोवर हे कज्जे सरकारदरबारी क्वचितच येत. एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रेरणेने आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज संकलित केले. ज्या जातींत काडीमोड आणि पाटाची चाल होती त्यांचे निवाडे जातगंगेपुढे, पंचांसमोर होत, आणि दुसरा घरोबा करणाऱ्या बाईची मुले सामान्यतः पहिल्या नवऱ्याच्या भाऊबंदांत राहत. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, परंतु त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मृत पतीच्या नातलगांना, त्या विधवेने पुनर्विवाह केल्यास, मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली. म्हणजे सुधारकांनी जिला नवा संसार मिळवून दिला, तिच्या पदरातले मूल त्या संसारात येईलच अशी हमी कायद्याने दिली नाही. या पार्श्वभूमीवर गिरगावातील एक घर उठून दिसते. सुतार समाजातील जयंतीबाई वैधव्यानंतर आपली इस्टेट लेकीच्या नावे करून डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाहबद्ध झाल्या, आणि लेक आईबरोबर त्यांच्या घरी वाढली. तीच रखमाबाई, जिच्यावर पतीने १८८४ साली नांदावयास येण्याचा दावा लावला आणि जी १८८९ साली वैद्यकी शिकण्यास विलायतेला गेली. तिच्या खटल्याची कीर्ती फार झाली. पण सावत्र बापाच्या छपराखाली आईच्या सहवासात तिला जे बालपण लाभले त्याचा उल्लेख कोणी फारसा करीत नाही, आणि माझ्या समजुतीने तिच्या पुढच्या धैर्याचा पाया तेथेच घातला गेला.

१८९० साली पालक आणि पाल्य यांच्यासंबंधीचा आठव्या क्रमांकाचा कायदा झाला, आणि तो आजही, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, आपल्या कुटुंब न्यायालयांत रोज वापरला जातो. त्यातील तीन कलमे येथे पाहावयास हवीत. नवव्या कलमाने अर्ज कोणत्या कोर्टात चालावा हे ठरते: अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते तेथील कोर्टात. सतराव्या कलमाने पालक नेमताना मुलाचे कल्याण, वय, लिंग, धर्म पाहावा आणि मूल समजूतदार असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्यावी, असे सांगितले. आणि सव्विसाव्या कलमाने असा दंडक घातला, की कोर्टाने नेमलेल्या पालकाने कोर्टाच्या पूर्वपरवानगीवाचून पाल्याला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर नेता कामा नये. हे सव्विसावे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विमान नव्हते, न्यू जर्सी नव्हते, व्हिसा नव्हता. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, फार तर बोटीने विलायतेस, एवढाच पल्ला त्यांना ठाऊक होता. तरीही आधी विचारावे आणि मग न्यावे हे जे तत्त्व त्यांनी घालून दिले, त्याच्यापेक्षा चांगले तत्त्व या विषयात आजतागायत कोणी सांगितलेले मला दिसत नाही.

नवव्या कलमाची कसोटी लागली ती १९१४ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात. मद्रासकडील जी. नारायणय्या यांनी आपली दोन मुले, जे. कृष्णमूर्ती आणि नित्यानंद, १९१० साली लेखी करार करून ॲनी बेझंट यांच्या पालकत्वाखाली दिली. बाईंनी त्यांना मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला शिक्षणासाठी नेले. बापाचे मन पालटले आणि त्याने मुले परत मिळावीत म्हणून फिर्याद केली. मद्रास हायकोर्टाने बापाच्या बाजूने कौल दिला. प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला, कारण दावा ज्या जिल्हा कोर्टात प्रथम दाखल झाला त्या चिंगलपेटच्या हद्दीत मुले सामान्यतः राहत नव्हती, ती इंग्लंडात होती. शिवाय त्या मुलांचे म्हणणे काय आहे हे कोणी विचारलेच नव्हते. ज्या बाईविरुद्ध हा दावा चालला तिचीच मुलगी, ती नास्तिक मतांचा प्रसार करते या कारणावरून, १८७८ साली इंग्लंडच्या कोर्टाने तिच्याकडून काढून घेतली होती. प्रिव्ही कौन्सिलच्या या निकालाने हिंदुस्थानातील वकीलवर्गाला एक गोष्ट कायमची शिकविली: मूल हलले की कोर्टही हलते. या वाक्यात पुढच्या शंभर वर्षांच्या कज्जांचे बीज होते, कारण ज्याने मूल आधी हलविले त्याला आपल्या सोयीचे कोर्टही आपोआप मिळू लागले.

लालबाग-परळच्या गिरणगावात मात्र या काळी स्थलांतर होत होते ते उलट्या दिशेने आणि कोर्टाला न विचारता. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला गडी गिरणीत खात्यावर चढला, की त्याचे बिऱ्हाड पुष्कळदा गावीच राही. तो दहाबाय दहाच्या खोलीत इतर दहा-बारा जणांबरोबर पथारी टाकी, खानावळीत जेवी, आणि शिमग्या-गणपतीला बोटीने गावी जाई. अशा संसारात बेबनाव झाला, तर मूल मुंबईच्या धुरात वाढवावे की कोकणात आजीच्या हाताखाली, हा प्रश्न गावकीच्या खोलीत, त्या त्या गावच्या मुंबईकर मंडळींच्या बैठकीत निघे. त्या निवाड्यांचे दप्तर नाही. कोणी जबानी लिहून घेतली नाही, कोणी नकला दिल्या नाहीत. त्या निवाड्यांत बाईचे म्हणणे कमी ऐकले जाई, हे निश्चित. पण पंचांना मुलाचे गाव, त्याची शाळा, त्याच्या आजीच्या गुडघ्यांचे दुखणे आणि बापाच्या खोलीतली माणसांची संख्या ही सर्व माहीत असे, आणि जो न्यायाधीश दोन बाजूंच्या प्रतिज्ञापत्रांतूनच मुलाला ओळखतो त्याला ही माहिती मिळविण्यासाठी वर्षे घालवावी लागतात.

गिरगाव, दादर, परळ ही सारी ठिकाणे मुंबई बेटावरची, म्हणून हायकोर्टाच्या मूळ शाखेच्या हद्दीतली. इतर जिल्ह्यांत जो कौटुंबिक दावा जिल्हा कोर्टात सुरू होई, तो येथे थेट हायकोर्टाच्या पायरीवर येई. १८६५ च्या लेटर्स पेटंटच्या सतराव्या कलमाने अज्ञान मुलांच्या देहाची आणि इस्टेटीची काळजी वाहण्याचा जो अधिकार या हायकोर्टाला दिला, तो जुन्या सुप्रीम कोर्टाकडून वारशाने आलेला, राजा हा अनाथांचा पालक या कल्पनेवर उभारलेला होता. त्याच हायकोर्टाने, सर जॉन ब्यूमाँट मुख्य न्यायाधीश असताना, १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात १८४३ च्या नियमाला निरोप दिला. प्रश्न एका कोवळ्या वयाच्या मुलाच्या ताब्याचा होता. कोर्टाने सांगितले, की बापाचे कल्याण पाहावयाचे नाही, आईचेही पाहावयाचे नाही, केवळ त्या अज्ञानाचे पाहावयाचे. आणि आई जर योग्य असेल, तर एवढ्याशा लेकराच्या बाबतीत तिची जागा भरून काढील असे माणूस शोधून सापडणे अशक्य आहे. इतक्या उशिरा का होईना, चिमण्या जिवाकडे पाहून लिहिलेला तो निकाल आजही भारतभर आधाराला घेतला जातो, आणि तो आपल्या शहरातून निघाला याचा अभिमान वाटावा असाच तो आहे.

त्यानंतरचे कायदे झपाट्याने आले. १९४७ चा मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोटाचा कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा, ज्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले, पण नैसर्गिक पालक म्हणून बापाला पहिला आणि त्याच्या ‘नंतर’ आईला दुसरा क्रमांक दिला. ते ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले, आणि त्या खटल्याचे निमित्त कोटातल्या रिझर्व्ह बँकेचे होते: लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी आपल्या सहीने केलेला अर्ज बँकेने बापाच्या सहीवाचून स्वीकारला नव्हता.

दरम्यान दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गाचे जग पालटले होते. अमेरिकेने १९६५ साली आपला आगमनाचा कायदा बदलला आणि व्हीजेटीआयमधून, पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेली मुले तिकडे जाऊ लागली. सुट्टीत येऊन, पंधरा दिवसांत मुली पाहून, लग्न करून, बायकोसह परत जाण्याची रीत पडली. मुलेबाळे तिकडेच जन्मली आणि जन्मानेच तिकडची नागरिक झाली. ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये अमेरिकेची वकिलात होती, तिच्या दारापुढे पहाटेपासून रांग लागे. हिंदू कॉलनीतील, शिवाजी पार्कवरील घराघरांत भिंतीवर नातवंडांचे फोटो आले. आणि जेथे संसार आहेत तेथे मोडणारेही काही असतातच. तेव्हा मोडलेला संसार दोन देशांच्या मध्ये पडू लागला.

१९८६ साली पुण्यात असा एक मुलगा आला. त्याच्या आईवडिलांचा अमेरिकेत मिशिगनमध्ये घटस्फोट झाला होता, तेथील कोर्टाने ताबा आईला व भेटीचा अधिकार वडिलांना दिला होता. वडिलांनी जानेवारीत मुलाला शाळेतून घेतले आणि ते थेट भारतात पुण्याला आले. आईने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात बोलले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी मुलाला आईबरोबर परत पाठविले. अकरा महिन्यांच्या आत झालेला तो निकाल मला या साऱ्या मालिकेत सर्वांत निरोगी वाटतो, आणि त्याचे श्रेय तत्त्वाइतकेच वेगाला आहे.

याच्या उलट चित्र मुंबईच्या कोर्टांत चाललेल्या दुसऱ्या एका दांपत्याच्या कज्जात दिसते, ज्याचा शेवट ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयात झाला. अमेरिकेत जन्मलेले मूल अवघे पस्तीस दिवसांचे असताना आई पतीचे घर सोडून निघाली आणि पुढे त्याला घेऊन भारतात आली. वडिलांनी तिकडच्या कोर्टाचे हुकूम मिळविले, इकडे येऊन अर्ज केले. प्रकरण वर चढले, खाली उतरले, पुन्हा वर चढले. आणि खालच्या कोर्टांचा वडिलांच्या बाजूचा कौल अखेर फिरविला गेला, तेव्हा तान्हे मूल शाळेत वरच्या इयत्तेत पोहोचले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाचा आधार घेऊन सांगितले, की परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक आहे, मुलाच्या कल्याणाहून तो मोठा नाही. आणि इतकी वर्षे जे मूल आईच्या हाती वाढले त्याला आता उपटणे त्याच्या हिताचे नाही. निर्णय बरोबर होता. पण तो बरोबर होण्यास कालहरणाने हातभार लावला होता, हे नाकारता येत नाही. कोर्टाने मुळांचा विचार करावा आणि मुळे रुजेपर्यंत कोर्टानेच वेळ घ्यावा, या चक्रात ज्याच्या हाती मूल आहे तोच जिंकतो.

असा दावा कागदांच्या अंगाने कसा दिसतो ते पाहावे. मे महिन्यात आई मुलाला घेऊन परळच्या माहेरी येते. ऑगस्टमधले परतीचे तिकीट काढलेले असते, आणि पुढे हेच तिकीट वडिलांचा मुख्य पुरावा ठरते, कारण ती सुट्टीसाठी आली होती, कायमची नव्हे, हे त्यावरून दिसते. तिकीट वापरले जात नाही. जूनमध्ये शाळेत नाव घातले जाते. शाळेचे बोनाफाइड सर्टिफिकेट, फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्नेहसंमेलनातले फोटो हे आईच्या बाजूचे दस्तऐवज होतात. मुलाचा परदेशी पासपोर्ट कोर्टाच्या कचेरीत जमा होतो. तिकडच्या कोर्टाचा मुलाला हजर करण्याचा हुकूम नोटरीच्या शिक्क्यांसह येतो. इकडे वडील हेबियस कॉर्पसचा अर्ज करतात, आणि १८४३ साली श्रीपतला ज्या हुकुमाने अपोलो स्ट्रीटवर आणले गेले त्याच जातीच्या हुकुमाने आज हे मूल हायकोर्टात येते. तारखा पडतात, तहकुबी होते. पहिल्या पावसाळ्यात ज्याला डब्यातली पोळीभाजी जाईना, तो दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या पोरांबरोबर दहीहंडीचे थर लावू लागतो, त्याच्या बोलण्यातला परका हेल जाऊन परळची मराठी येते, आणि वकील युक्तिवाद करतात की मूल येथे रुळले आहे. खरोखरच रुळलेले असते.

२५ ऑक्टोबर १९८० च्या हेग येथील कराराने यावर एक उपाय सुचविला होता: एका देशातून गैररीतीने नेलेले मूल प्रथम त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात त्वरेने परत करावे, आणि ताबा कोणाचा हे तेथील कोर्टाने ठरवावे. भारताने त्यावर सही केलेली नाही. विधी आयोगाने २००९ साली २१८ व्या अहवालात सामील व्हावे असे सांगितले, २०१६ साली २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला. परंतु न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०१८ चा अहवाल आला आणि विषय पुढे सरकला नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके समजू नये. परदेशात मारहाण सोसणारी, नोकरीची परवानगी नसलेली, भाषा न येणारी आणि व्हिसासाठी नवऱ्यावरच अवलंबून असलेली बाई मुलासह पळून माहेरी येते, तेव्हा तिला पळवून नेणारी म्हणणे हा अन्याय आहे. मुलाला परत करा म्हणजे तिलाही त्याच घरी परत पाठवा, असा त्याचा अर्थ होतो. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने, ज्याचा निकाल मुंबई हायकोर्टातून वर गेलेले न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिला, हेच ठरविले की परदेशी हुकूम झाला एवढ्यावरून मूल परत धाडता येत नाही, प्रत्येक मुलाचे कल्याण स्वतंत्रपणे तपासावे लागेल. कल्याण तपासावे हे योग्यच. मात्र ते थोड्या महिन्यांत तपासावे असे कोणी बंधन घातल्याखेरीज ही तपासणी मुलाचे बालपण खाऊन टाकते.

म्हणून मला आधी परवानगी मागण्याच्या दाव्यांत, सव्विसाव्या कलमाच्या वळणाने जाणाऱ्या दाव्यांत, जास्त आशा दिसते. जुलै २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यापुढे असे प्रकरण आले. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या एका आईला तिच्या कंपनीने पोलंडमधील क्राकोव्ह येथे कामगिरी देऊ केली होती; नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर नेण्याची तिची विनंती कुटुंब न्यायालयाने नाकारली होती; वडिलांचा विरोध होता, शेजारच्या युक्रेनमध्ये युद्ध पेटलेले असल्याची भीतीही पुढे मांडली गेली. न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मूल की नोकरी असा पेच आईपुढे टाकता येणार नाही, आणि वडिलांचा सहवासही तुटता कामा नये, असे दोन्ही बाजूंना तोलून त्यांनी सुट्टीत मुलीला भारतात आणून वडिलांची भेट घडविण्याचे बंधन घातले. १८९० च्या कायद्याने जे सांगितले त्याचाच हा अर्थ: जाणाराने उघडपणे विचारावे, राहणाराने उघडपणे हरकत घ्यावी, आणि विमान सुटण्यापूर्वी न्यायाधीशाने अटी ठरवाव्यात.

अटी पाळल्या जातील कशावरून, हा प्रश्न उरतोच, आणि तो काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका मुलाला वडिलांबरोबर केनियाला जाऊ दिले. आपल्या हुकुमाची प्रतिकृती असलेला हुकूम, ज्याला वकीलमंडळी मिरर ऑर्डर म्हणतात, तिकडच्या कोर्टाकडून आधी मिळवावा अशी अट घातली. आणि पुढल्याच वर्षी फसवणूक झाल्याचे आढळून आपलाच हुकूम मागे घेण्याची पाळी न्यायालयावर आली. तेव्हा अट लिहिताना ती अंमलात कशी येईल हेही लिहावे लागते: तिकडच्या कोर्टाचा प्रतिहुकूम, जामिनाची रक्कम, पासपोर्टाची मुदत, शाळेच्या सुट्टीच्या तारखा, येण्याजाण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, आणि व्हिडिओवर बोलण्याची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे धरावयाची, कारण दादरला रविवारी सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि मूल पेंगुळलेले असते.

या यादीत एक गोष्ट मी आग्रहाने घालीन. ज्या आजीआजोबांनी मुलाला आईवडिलांच्या कज्जाच्या काळात जेवू घातले, शाळेत सोडले, आजारपणात त्याच्यासाठी रात्री जागून काढल्या, त्यांना या दाव्यांत स्वतःची जागा क्वचितच मिळते. त्यांची नावे प्रतिज्ञापत्रांत पुरावा म्हणून येतात, हुकुमात येत नाहीत. गिरणगावच्या पंचांनी ज्या आजीच्या भरवशावर मूल गावी ठेवले, तिची लेक-नात आज परळच्या इमारतीत तेच करते आहे. मूल परदेशी जावयाचे असेल तर जावे. पण हुकुमाच्या मजकुरात, आईवडिलांच्या भेटींच्या दिवसांखाली, त्या मुलाने मे महिन्यातले किती दिवस आजीआजोबांच्या घरी काढावयाचे आणि तेथवर त्याला कोणी आणून सोडावयाचे, हेही स्वच्छ शब्दांत नमूद असले पाहिजे.